पत्र्यावरचा म्हसोबा

वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाटोद्याला दुपार कलली की एक आवाज सुरू होतो. पत्र्यावरून दगड सरकवल्याचा. कुणीतरी वर चढलेलं असतं. एक दगड ढकलतं, थांबतं, लांबून बघतं, पुन्हा ढकलतं. आता गल्लीतल्या बऱ्याच घरांवर स्लॅब पडला आहे. तरी मागच्या अंगाला गोठ्यावर, न्हाणीवर, दुकानाच्या पडवीवर पत्रे आहेतच. म्हणून आवाज अजून येतो, थोडा कमी झालाय एवढंच. काल तो आला आणि मी हातातलं पुस्तक पालथं ठेवून ऐकत बसले. घरात दुसरं कुणी नव्हतं. अप्पा असते तर म्हणाले असते, चला, वाऱ्याची वर्दी आली.

अप्पा म्हणजे माझे यजमान. गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, गिऱ्हाईक म्हणायचं, माझ्या शाळेतले शिक्षकही अप्पाच म्हणायचे. मी तोंडावर कधी म्हटलं नाही. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. आता कागदावर मीही त्यांना अप्पा म्हणते. नाव घ्यायची सवय मला नाही, आणि 'हे' म्हणायला समोर कुणी नाही.

आमच्याकडं पावसाचं कुणी छातीठोक सांगत नाही. वाऱ्याचं तसं नाही, तो येतोच. गाव बालाघाटाच्या माथ्यावर, आजूबाजूला अडवायला काही नाही. दिवसभर हवा दगडासारखी थिजून बसते, चारच्या सुमाराला मावळतीकडून मातीचा तांबूस पडदा उठतो आणि कुत्री आधी पळतात. पाऊस चार थेंब पडेल नाहीतर पडणारही नाही, पण वारा कुणाचा तरी पत्रा घेऊन जातो. म्हणून आमची तयारी पावसाची कमी आणि वाऱ्याची जास्त. ज्यांची माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, होती त्यांच्या बायका वर पांढरी माती अंथरायच्या. कडब्याच्या गंजीवर बाभळीच्या फांद्या चढायच्या, त्यांवरून दोर पडायचा. बाजारात औषधाच्या दुकानाची पाटी तारेनं आवळली जायची, हॉटेलवाला पुढचं पाल सोडून घडी घालून ठेवायचा. एसटीडी फोनची पिवळी पेटी आत जायची. केबलवाला आपली भली मोठी छत्री आडवी करून बांधायचा आणि संध्याकाळच्या मालिका बुडाल्या म्हणून बायका त्याच्या आईबापापर्यंत पोहोचायच्या.

मला ते दिवस आवडायचे. आजही आवडतात. माणसं एरवी शेजाऱ्याच्या घराकडं बघतात ती जरा वाकड्या नजरेनं. त्या आठ-पंधरा दिवसांत मात्र वर बघतात, आणि म्हणतात, अहो, तुमचा तो कोपरा हलतोय. पत्र्यावर चढायला एक माणूस पुरतो, पण खालून दगड द्यायला दोन लागतात. ते दोन नेहमी शेजारचे असायचे.

मी लिहायला बसले ते त्या एका वर्षाबद्दल. अप्पांनी सोसायटीतली कारकुनी सोडली होती आणि मोठ्या रस्त्याला वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं होतं. देशात नवीन वारं सुटलंय असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती. पाटोद्यात ते वारं रंगीत पेनांच्या रूपानं आलं होतं. जेलची पेनं, सुगंधी खोडरबर, चित्रांच्या कव्हराच्या वह्या. माझ्या वर्गातल्या पोरी खोडरबर खोडायला कमी आणि हुंगायला जास्त वापरायच्या. दुकानाच्या खोलीवर माळवद होतं, त्याची लाकडं वाळवीनं खाल्ली होती. ते उतरवून अप्पांनी पत्रे घातले. जूनमध्ये शाळा भरते म्हणजे मेमध्ये माल भरावा लागतो. त्यामुळं वारा सुटायच्या दिवसांतच वह्यांचे गठ्ठे येऊन पडले. जमिनीपासून आढ्यापर्यंत कागद. आत पाऊल टाकलं की कोऱ्या कागदाचा आणि डिंकाचा तो वास यायचा. शाळेतून परतताना मी उगीचच दोन मिनिटं आत जाऊन उभी राहायची.

अप्पांचं सगळं काही त्या गठ्ठ्यांत होतं. ते भिजले असते तर अप्पा पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली जाऊन बसले असते. ते हे बोलले नाहीत. रोज संध्याकाळी मावळतीकडं मात्र बघायचे.

पत्रे जब्बारभाईंनी ठोकले. अख्ख्या गावाचे पत्रे तेच ठोकायचे. वर चढले की आधी पत्र्यावर कान टेकवायचे, का ते कुणाला माहीत नव्हतं. मावळतीच्या कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत त्यांच्याकडचे हुक संपले. नवे बीडहून यायचे होते, त्याला आठवडा तरी लागणार. तोवर त्या कोपऱ्याला वजन पाहिजे, असं म्हणून त्यांनी मेहुण्याला ट्रॉली घेऊन पाठवलं आणि बांधाबांधावरचे दगड गोळा करून आणवले. त्यांत एक दगड फार चांगला होता. खाली सपाट, वर गोल, घट्ट बसणारा. अप्पांना तो इतका आवडला की त्यांनी तो मुद्दाम त्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवायला लावला.

तीन-चार दिवसांनी वळवाची एक सर आली, पाच मिनिटांची. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाई माळवदावर कुरडया घालत होत्या. सुलाबाई म्हणजे शेजारच्या भांड्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. गल्लीत काय घडतं ते त्यांना माळवदावरून आधी दिसायचं. त्यांनी वरूनच मला हाक मारली.

"ताई, तुमच्या दुकानावर देव हाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, असू द्या, देवाची कृपा.

"कृपा न्हाई, देव हाय म्हणते मी. शेंदूर दिसतोय बघा. तुमी म्हसोबा आणून बसवलाय वजनाला."

मी त्यांच्या माळवदावर जाऊन पाहिलं. धूळ धुऊन गेली होती आणि त्या गोल दगडाच्या खाचांत जुना, फिका पडलेला शेंदूर स्पष्ट दिसत होता. एका बाजूला दोन डोळे कोरल्यासारख्या खुणाही होत्या. तोंड नेमकं रस्त्याकडं होतं. आठवडी बाजाराला येणारं-जाणारं सगळं त्यानं पाहिलं असणार.

दुपारपर्यंत गल्ली जमली. खरी अडचण तेव्हा कळली. त्या कोपऱ्यावर अजून हुक मारायचे होते, आणि आता वर चढायला कुणी तयार नव्हतं. देव पायाशी आणि माणूस त्याच्या शेजारी चपला-बूट घालून उभा, हे कसं चालेल? चपला काढल्या तरी पाय ते पायच. देव खाली उतरवावा म्हटलं तर ज्याचा आहे त्यानंच उतरवला पाहिजे, परस्पर हलवलेला देव घरावर राग काढतो, असं सगळ्यांचं मत पडलं. जब्बारभाई तर अर्धे झाले होते. आणवलेला त्यांनीच, वर ठेवलेलाही त्यांनीच. ते एवढंच म्हणत होते की दुसऱ्याचा देव एकदा चुकून उचलला, आता जाणूनबुजून हात लावणार नाही. हुक आले तरी ते खालीच बसून राहिले, हुकांची पिशवी मांडीवर घेऊन.

कुणीतरी अप्पांना म्हणालं की तुम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं, तुम्हाला काय त्याचं, चढा आणि द्या खाली. आमच्यात देव गळ्यात असतो हे खरं. शेतातल्या देवाशी आमचा संबंध नाही. अप्पांनी वर त्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "आपला नाही म्हणून तर जास्त जपला पाहिजे. आपला असता तर त्यानं समजून घेतलं असतं."

त्यांचं हे वाक्य मला आजही पुरतं. लोक समाचाराला आले तेव्हा अप्पा किती चांगले होते हे पुष्कळांनी पुष्कळ शब्दांत सांगितलं. मी मान हलवत होते आणि मनात हे वाक्य होतं.

मग आम्ही देवाचा मालक शोधायला निघालो. मोपेडवर अप्पा पुढं, मी मागं, डोक्यावर पदर घट्ट धरून. शाळेला सुट्टी होती. जब्बारभाईंच्या मेहुण्याला नेमका कोणता बांध ते आठवत नव्हतं, एवढंच म्हणाला की पडीक वाटत होता, गवत माजलेलं होतं. वाटेत शेतं नांगरून पडलेली, ढेकळं उन्हात पांढरी. ज्याला त्याला थांबून विचारायचं, तुमच्या बांधावरचा देव गेलाय का? कोण असं विचारतं? एकानं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "देव हाय जागेवर. पाऊस तेवढा बघा सापडला तर." दुसऱ्यानं आम्हाला शिरगणतीवाले समजून घरातली माणसं सांगायला सुरुवात केली. मला हसू आवरेना. मागं बसून मी अप्पांच्या पाठीला कपाळ टेकवून हसत होते आणि ते म्हणत होते, हसू नका, लोक म्हणतील देव हरवला आणि ह्यांना हसू येतंय. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती. इतका वेळ आम्ही दोघं मिळून कुठं फिरलो नव्हतो. देव सापडू नये असं मला थोडं वाटायला लागलं होतं, हे आता लिहायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी, कोसभरावरच्या एका वाडीच्या शिवारात, लिंबाखाली एक बाई बी निवडत बसली होती. भागाबाई. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊस तोडायला जायची, खाली, कारखान्याकडं. परत येऊन चार दिवस झाले होते. अप्पांनी विचारायला तोंड उघडलं तोच ती सूप खाली ठेवून उभी राहिली.

"कुठं हाय त्यो?"

घर सोडून गेलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं तिनं विचारलं. मग तिनं बांधावरची रिकामी जागा दाखवली. जमिनीत दगडाचा गोल ठसा होता आणि भोवती वाळलेलं गवत. आल्या दिवशीच तिला ते दिसलं होतं. तेव्हापासून ती घरात धड जेवली नव्हती. सापडला तर येते म्हणून नारायणगडाला नारळ बोलली होती. म्हसोबा जागेवर नाही आणि मृग तोंडावर आलेला. पेरणी कुणाच्या राखणीवर करायची?

"आमी दर साली त्याला टाकून जातो," ती म्हणाली. "सा म्हैने ना शेंदूर, ना नारळ, ना कुणाची सावली. आल्यावर बघितलं तर जागा मोकळी. म्हटलं, कट्टाळला आसंल. आपून जातो तसा त्योबी गेला आसंल पोटापाण्याला."

तिचा नवरा मागं दोर वळत होता. तो खाली मान घालून म्हणाला, मग कोयता कुणाचा नेला म्हणायचा? तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पुढचा अर्धा तास तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, पुस्तकात न वाचलेली. तो दगड देव आहे हे ट्रॉलीवाल्याला कळलं नाही, कारण त्याला शेंदूर लावणारी माणसं परमुलखात होती. शेंदूर उडाला, गवत वाढलं आणि देवाचा पुन्हा दगड झाला. आमच्या तालुक्यातल्या किती बांधांवर तसं होत असेल.

अप्पांना खोटं बोलता यायचं नाही असं नाही, पण सुरुवात करायलाच ते इतका वेळ घ्यायचे की समोरच्याला खरं कळून जायचं. त्यांनी सरळ सांगितलं. पत्र्यावर ठेवलाय, वजनाला, चुकून. मी पदराचं टोक चुरगाळत होते.

"वजनाला?" तिनं विचारलं.

अप्पा हो म्हणाले.

"नीट बसलाय का?"

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन गावात आली. चपला दुकानाच्या पायरीशी काढून शिडीवरून सरसर वर गेली. ऊस भरायला फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, तिला शिडीचं काय. वर गेल्यावर तिनं आधी दगडाच्या अंगावरून हात फिरवला. बरोबर आणलेल्या तेलात शेंदूर कालवून लावला. मग इकडंतिकडं बघितलं, मोकळा कोपरा बघितला, खाली पत्र्यांच्या फटीतून दिसणारे वह्यांचे गठ्ठे बघितले, आणि मावळतीकडंही बघितलं. आभाळ तिकडून तांबूस व्हायला लागलं होतं. खाली सगळी गल्ली मान वर करून उभी.

"ऱ्हाऊ द्या," ती वरून म्हणाली. "वारं सरंस्तवर बसू द्या हितंच. बांधावर तरी काय करतोय, बसूनच असतोय."

अप्पांनी खालून विचारलं की पण हुक मारायचे आहेत, माणसं वर चढतील, त्यांचे पाय. तिनं सुलाबाईंकडं कोंबड्या झाकायचं डालं मागितलं. सुलाबाई म्हणाल्या, देवाला कोंबड्यांचं डालं? भागाबाई म्हणाली, "त्याला कोंबडीचं वावडं न्हाई बाई." सगळी गल्ली हसली, सुलाबाई सोडून. त्यांनी मुकाट डालं धुऊन दिलं. भागाबाईनं ते देवावर पालथं घातलं, वरून आपला पदर पसरला आणि शेजारी मांडी घालून बसली.

"आता त्याला काय दिसत न्हाई. या जब्बारभाई, उरका."

जब्बारभाई अनवाणी वर गेले. त्यांनी त्या दिवशी पत्र्याला कान लावला नाही. बारा हुक मारले. हुक मारत होते तोवर ती डाल्याशी बोलत होती, हळू आवाजात. काय ते खाली ऐकू आलं नाही. एवढं ऐकू आलं की यंदा कारखाना उशिरा बंद झाला आणि धाकट्याला दोनदा ताप येऊन गेला.

वारं तिसऱ्या दिवशी आलं, दुपारी चारला. मी आणि अप्पा दुकानातच होतो. जब्बारभाईंनी सांगून ठेवल्याप्रमाणं मागची खिडकी उघडी ठेवली होती, वाऱ्याला निघायला वाट पाहिजे म्हणून. पुढच्या फळ्या लावल्या आणि अंधार झाला. मग पत्रा वाजायला लागला. त्या आवाजात माणसाला स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. मावळतीचा कोपरा उचलायचा आणि खाली आपटायचा. वर कुणीतरी जड माणूस अर्धवट उठतंय आणि पुन्हा बसतंय, असं वाटायचं. अप्पा वह्यांच्या सगळ्यांत उंच थप्पीला दोन्ही हात लावून उभे होते, जणू उडालं तर तीच उडणार होती. मध्येच माझ्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, शाळा नक्की कुठल्या वारी भरणार? मी म्हटलं, सोमवारी. ते म्हणाले, मग रविवारी दुकान उघडं ठेवू. त्यांना भीती वाटत होती हे मला त्यावरून कळलं. आणि रविवार उगवणार, हेही त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

अर्ध्या तासानं शांत झालं. फळ्या काढल्या. हॉटेलवाल्यानं न विसरता घडी करून ठेवलेलं पाल विजेच्या तारेवर लोंबत होतं. ते कसं गेलं हे त्याला कधीच सांगता आलं नाही. केबलची छत्री दोर तोडून शाळेच्या मैदानात जाऊन पडली होती. सुलाबाईंच्या कुरडया प्रत्येकाच्या अंगणात थोड्या थोड्या. आमचे पत्रे जागेवर होते. खिडकीजवळचा एक गठ्ठा कडेनं भिजला, एवढंच. म्हसोबा बोटभर सरकला होता आणि आता जरा तिरका, भांड्याच्या दुकानाकडं बघत होता. पत्रे हुकांमुळं राहिले की देवामुळं, यावर जब्बारभाई आणि सुलाबाई यांचं पायरीवरच जुंपलं. गंमत म्हणजे जब्बारभाई देवाच्या बाजूनं होते आणि सुलाबाई हुकांच्या. त्यांच्या कुरडयांकडं देवानं लक्ष दिलं नव्हतं.

मृगाच्या आदल्या दिवशी भागाबाई येऊन देव घेऊन गेली. त्या रविवारी दुकान इतकं भरलं की मीही गल्ल्याशेजारी उभी राहून वह्या काढून देत होते. पेरणी झाली, पाऊस बेताचा झाला, दिवाळी आली.

वाऱ्याची वर्दी मिळते. अप्पांच्या जाण्याची मिळाली नाही. चहा ठेवायला सांगितला आणि मी कप घेऊन आले तोवर संपलं होतं. त्याबद्दल मला देवाशी भांडायचं नाही. मी एवढंच बघते की इतक्या महिन्यांनीसुद्धा आठवायला बसलं की मोपेड आठवते, हसू आठवतं. रडू आलं तरी ते त्या हसण्याच्या मागून येतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ऊसतोडीचे ट्रक निघतात. त्या वर्षी ते निघाले तेव्हा पहाट उलटून ऊन पडलं होतं. भागाबाई डोक्यावर पाटी घेऊन दुकानाशी आली. पाटीत फडक्याखाली म्हसोबा.

"अप्पा, ह्याला सा म्हैने ठिवून घ्या," ती म्हणाली. "तिथं येकटा पडतोय. हितं रस्त्यावर माणसं तरी दिसत्यात."

अप्पांनी पेन आणि कागद घेतला. त्याचं काय काय करावं लागतं, कोणत्या वारी, किती वेळा, हे सगळं सांगा म्हणाले, मी लिहून घेतो. ती हसली.

"काय न्हाई वो. मदनं मदनं वर बघत जा."

तिच्या नवऱ्यानं देव वर चढवला, त्याच मावळतीच्या कोपऱ्यावर. पुढं सात-आठ वर्षं, तिच्या मुलांनी कोयता सोडेपर्यंत, तो दिवाळीला यायचा आणि वारं आमच्यापाशी काढून मृगाला घरी जायचा.

त्या पहिल्या सकाळी थोड्या वेळानं तिचा ट्रक दुकानावरून गेला. मागं भांडीकुंडी, शेरडं, लेकरं, गाठोडी, आणि त्यांत उभी भागाबाई. दुकान आल्यावर तिनं मान वर केली आणि दोन्ही हात जोडले. अप्पा पायरीवर उभे होते. त्यांनीही हात जोडले, चांगले वाकून, आणि ट्रक वळेपर्यंत तसेच धरून ठेवले. तिचा नमस्कार त्यांच्या डोक्यावरून वर गेला होता, हे त्यांना कळलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.